कॅश स्मृती व कर्नलमधील प्रतिलेखन
संगणकाच्या मुख्य स्मृतीत एका ठिकाणी असलेली माहिती दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उतरविणे म्हणजे प्रतिलेखन होय. परिचालन प्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलला हे काम सतत करावे लागते. एखाद्या आज्ञावलीने फाइल वाचावयास मागितली की, कर्नल आपल्या जागेतील मजकूर त्या आज्ञावलीच्या जागेत उतरवितो. युनिक्स व लिनक्स या प्रणालींत जनक व अपत्य प्रक्रियांमध्ये सामाईक असलेल्या पृष्ठावर त्यांपैकी एक लिहू लागली, तर तिला पृष्ठाची स्वतंत्र प्रत करून दिली जाते. या कामात आकडेमोड जवळजवळ नसते. त्यामुळे त्याचा वेग मुख्यत्वे स्मृती व कॅश यांवर अवलंबून असतो.

कॅश : प्रोसेसर व मुख्य स्मृती यांच्यामधील लहान पण अतिजलद स्मृतीस कॅश म्हणतात. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली आणि आयबीएम कंपनीने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकात ती प्रत्यक्षात आली. आधुनिक प्रोसेसरात पहिल्या पातळीच्या कॅशमधून माहिती मिळण्यास सु. १ नॅनोसेकंद, तर मुख्य स्मृतीतून मिळण्यास सु. १०० नॅनोसेकंद लागतात. माहितीची ने-आण एकेका बाइटने न होता ओळींनी होते. पुष्कळ प्रोसेसरांत ही ओळ ६४ बाइटांची असते.

प्रतिलेखनाचा भार : ४,०९६ बाइटांच्या पृष्ठात अशा ६४ ओळी असतात. मूळ व प्रत ही दोन्ही पृष्ठे कॅशमध्ये नसतील, तर मूळ पृष्ठाच्या ६४ ओळी वाचाव्या लागतात. सर्वसाधारण लेखनात प्रतीच्या ६४ ओळीही आधी कॅशमध्ये आणल्या जातात, जरी त्यांतील जुना मजकूर लगेच पुसला जाणार असला तरी. आणि पुढे त्या मुख्य स्मृतीत परत लिहिल्या जातात. म्हणजे ४,०९६ बाइटांच्या प्रतीसाठी एकूण १२,२८८ बाइटांची वाहतूक होते. शिवाय ३२ किलोबाइटांच्या कॅशचा एकचतुर्थांश भाग या दोन पृष्ठांनी व्यापला जातो व तेथील उपयुक्त माहिती बाहेर पडते. हा तोटा प्रतिलेखनाच्या वेळात दिसत नाही. नंतर चालणाऱ्या आज्ञावलीस तो सोसावा लागतो.

कॅश टाळून लेखन : इंटेलच्या पेंटियम ३ (१९९९) प्रोसेसरात कॅश वगळून थेट मुख्य स्मृतीत लिहिणाऱ्या आज्ञा उपलब्ध झाल्या. त्यांच्या योगे वरील वाहतूक ८,१९२ बाइटांवर येते. तथापि ही बचत सर्वत्र हितकारक ठरत नाही. प्रत लगेच वाचली जाणार असेल, तर ती कॅशमध्ये असणेच इष्ट. अन्यथा वाचलेला वेळ मुख्य स्मृतीकडे पुन्हा जाण्यात खर्च होतो. शिवाय असे लेखन अन्य लेखनाच्या तुलनेत ठरावीक क्रमाने पूर्ण होईलच असे नसते. म्हणून ‘प्रत तयार आहे’ अशी सूचना दुसऱ्या प्रोसेसरास देण्यापूर्वी क्रम राखणारी विशेष आज्ञा द्यावी लागते. ती राहून गेल्यास दुसरा प्रोसेसर अपुरी प्रत वाचू शकतो.

पत्त्यांचे द्वैत : काही प्रोसेसरांत कॅशमधील जागा आभासी पत्त्यावरून ठरते. मिप्स आर ४००० (१९९१) या प्रोसेसरातील माहितीची कॅश ८ किलोबाइटांची, तर पृष्ठ ४ किलोबाइटांचे असू शकते. अशा स्थितीत कर्नलने आपल्या पत्त्यावरून लिहिलेली प्रत कॅशच्या एका अर्ध्यात, तर आज्ञावलीच्या पत्त्यावरून दिसणारे तेच पृष्ठ दुसऱ्या अर्ध्यात असणे शक्य होते. कर्नलने पहिल्या जागेतील ओळी मुख्य स्मृतीत पाठवून दुसऱ्या जागेतील जुन्या ओळी रद्द केल्या नाहीत, तर आज्ञावलीस जुनाच मजकूर मिळतो. दोन्ही पत्ते कॅशच्या एकाच अर्ध्यात येतील अशी निवड करूनही हा दोष टाळता येतो.

यावरून प्रतिलेखनाची एकच पद्धत सर्व प्रसंगी उत्तम ठरत नाही, हे स्पष्ट होते. प्रतीचा आकार, ती कोण व केव्हा वाचणार आणि कॅशची रचना यांवरून योग्य पद्धत ठरते. सर्वांत स्वस्त प्रतिलेखन मात्र न केलेलेच होय. म्हणूनच प्रत्यक्ष लेखन होईपर्यंत पृष्ठ सामाईक ठेवण्याची रीत रूढ झाली आहे.