हरसूलच्या बाजारपेठेतले सत्तावन्न

1857च्या डिसेंबरात त्र्यंबकपासून पेठपर्यंतचा डोंगराळ मुलूख पेटून उठला. 5 डिसेंबरच्या रात्री भिल्ल-ठाकरांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर चाल केली. त्याच सुमारास हरसूलची बाजारपेठ लुटली गेली आणि बंडाचा रोख पेठकडे वळला. तिथे लेफ्टनंट ग्लासपूल कोळी पलटणीच्या 30 जवानांसह वेढ्यात सापडला. कुमक आल्यावर वेढा उठला. पुढे पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव नीळकंठराव साथीदारांसह फासावर गेले.

ही हकिकत इंग्रजी अमदानीतल्या नाशिक गॅझेटियरात आहे. ती राज्यकर्त्यांनी लिहिली, म्हणून खजिना, पलटण आणि साहेबांची नावे तिच्यात ठळक आहेत. पाड्यापाड्यांतून निघालेली माणसे मात्र ‘जमाव’ म्हणूनच उरली.

हरसूलची गोष्ट सरळ दोन बाजूंची नाही, आणि तीच तिची श्रीमंती आहे. कॅप्टन नटॉलच्या हाताखालची कोळी पलटण याच डोंगरांतल्या लोकांतून उभी केलेली होती. बंडात उतरलेलेही इथलेच आदिवासी. एकाच मुलखातली माणसे समोरासमोर का उभी राहिली, हा प्रश्न गावाने टाळू नये. फक्त शौर्याचे फलक लावले, तर अर्धा इतिहास पुन्हा झाकला जाईल.

रणभूमी जागती ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. 1661च्या फेब्रुवारीत शिवरायांनी कारतलबखानाची फौज इथे कोंडली. आज तिथे स्मारक आहे आणि दर फेब्रुवारीत विजयदिन साजरा होतो. उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांना दरवर्षी त्याच दिवशी मानवंदना दिली जाते. दोन्हीकडे दगडी स्मारकाइतकेच महत्त्व ठरलेल्या दिवसाला आहे. दिवस ठरला की शाळा येते, म्हातारी माणसे बोलू लागतात.

घाई मात्र नको. इंग्लंडमधल्या बॉसवर्थला 1485च्या लढाईचे माहिती केंद्र एका टेकडीवर उभे राहिले. नंतर शेतांतून धातूशोधक फिरवून कसून पाहणी झाली, तोफगोळे सापडले आणि खरी जागा तिथून सुमारे तीन किलोमीटर दूर निघाली. हरसूललाही जुनी बाजारपेठ, पेठकडे जाणारी वाट आणि डोंगरातले आसरे आधी नकाशावर यायला हवेत.

हे काम गावाच्या हातचे आहे. हरसूल अनुसूचित क्षेत्रात येते, आणि 1996च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. या भागात बोहाड्याची परंपरा आहे. मुखवटे लावून रात्र-रात्र कथा उभी करणाऱ्यांना सत्तावन्नची कथा अवघड जाणार नाही.

हरसूल-पेठ परिसरातल्या ज्यांच्या घरी या बंडाची आठवण, गाणे किंवा जुना कागद असेल, त्यांनी तो येत्या ग्रामसभेत जरूर मांडावा. शाळांतल्या शिक्षकांनी तो मुलांकडून लिहवून घ्यावा.