तीन पुस्तके, साक्षीदार एक

मांजरसुंब्याच्या चौकातून केजमार्गे जाणारा रस्ता आंबाजोगाईला, मुकुंदराजांच्या समाधीपाशी नेतो. ‘विवेकसिंधू’चा कर्ता आपल्याच मातीतला, ही आम्हां बीडकरांची लहानपणापासूनची खात्री. त्या खात्रीने मी एक लेख लिहिला होता. आधाराला तीन पुस्तके होती. एका जाणत्या ग्रंथपालांनी विचारले, “या तिघांनी माहिती कुठून घेतली?” शोध घेतला, तर दुसऱ्याने पहिल्याचे उतरवलेले आणि तिसऱ्याने दुसऱ्याचे!

तेव्हापासून कोणतेही साधन हाती आले की मी तीन गोष्टी पाहतो. ते घटनेच्या किती जवळचे आहे? कोणी, कशासाठी लिहिले? आणि इतर साधनांपासून ते स्वतंत्र आहे का?

शिवजन्माची तिथी याच कसोट्यांवर बदलली. उत्तरकालीन बखरींच्या आधारे १६२७ हे साल रूढ होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. महाराजांच्या पदरी असलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यातही तीच मिळाली. एक देशमुख घराण्याची टिपणे, दुसरे संस्कृत काव्य. म्हणून त्यांच्या एकमताला वजन आले.

मुकुंदराजांबाबत असे एकमत नाही. ग्रंथाचा शके १११० (इ. स. ११८८) हा काळ एका ओवीवर उभा आहे आणि तिच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पोथीत नक्कल करताना भर पडते, शब्द बदलतात. ग्रंथातला वैनगंगातीराचा उल्लेख विदर्भातल्या आंभोऱ्याकडे बोट दाखवतो. आंबाजोगाईच्या बाजूने समाधी आणि परंपरा आहे. परंपरा हेही साधनच. पण लोकांनी कोणाला आपले मानले, हे ती सांगते. कवीने ग्रंथ कुठे लिहिला, हे ती सांगेलच असे नाही.

मी तो लेख पुन्हा लिहिला. दोन्ही बाजू मांडल्या आणि ‘निर्विवाद’ हा शब्द खोडला. गावातले काही जण नाराज झाले. समाधीपुढे मात्र मी आजही हात जोडतो. श्रद्धेला पुरावा लागत नाही, लेखाला लागतो.