दमा : औषधोपचार आणि नित्याची दक्षता

मळणीची धूळ, गाजरगवताचे पराग आणि चुलीचा धूर यांमुळे धारणी तालुक्यातील दमेकऱ्यांचा विकार बळावतो. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते व त्या आकुंचन पावतात. तात्काळ आराम देणारा फवारा आकुंचन तेवढे घालवितो. सूज उतरविण्यास श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड नियमित घ्यावे लागते. म्हणून बरे वाटले तरी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये. दमेकऱ्याने मळणीपासून दूर राहावे. चूल धुराडे असलेल्या जागी मांडावी. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी इतरांनी उपटावे. डागणी देऊ नये. धापेमुळे वाक्य पुरे होईना अथवा ओठ निळसर पडले, तर रुग्णास विनाविलंब उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती हंगामापूर्वीच घरोघर पोहोचवावी.