प्रश्नाची खुर्ची



दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांचा खेळ पाहताना आपले डोळे खुर्चीत बसलेल्या स्पर्धकावर खिळलेले असतात. ज्याच्या इशाऱ्यावर दिवे मंद होतात आणि उत्तर क्षणभर रोखून धरले जाते, तो दिग्दर्शक मात्र पडद्याआडच राहतो. सिद्धार्थ बसू हे त्यांपैकीच एक. दिल्लीच्या रंगभूमीवरून आलेल्या या गृहस्थांनी १९८५ साली दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ गाजविले, १९९८ पासून ‘मास्टरमाइंड इंडिया’ चालविले आणि ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या निर्मिती-दिग्दर्शनाची धुरा वाहिली.

‘मास्टरमाइंड’च्या काळ्या खुर्चीचा इतिहास विलक्षण आहे. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाचे जनक बिल राइट यांना दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असताना जर्मन गुप्त पोलिसांच्या उलटतपासणीस तोंड द्यावे लागले होते. त्या आठवणीतून हा खेळ सुचला. छळाची खुर्ची अशा रीतीने ज्ञानाच्या सन्मानाची खुर्ची झाली! ‘कौन बनेगा करोडपती’च्या खुर्चीवरून २००० साली मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. पुढे २०१२ साली कन्नडमध्ये व २०१३ साली मराठीतही हा खेळ आला. २०१९ साली हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजविणारी ही माउली ज्ञानाच्या बळावर तेथवर पोहोचली.

परंतु २००९ साली बसूंच्याच संस्थेने ‘सच का सामना’ सादर केले. त्यातही खुर्ची होती, एक कोटीचे आमिष होते. प्रश्न मात्र स्पर्धकाच्या खाजगी आयुष्याविषयीचे होते. खोटे ओळखण्याच्या यंत्रापुढे आधीच दिलेली उत्तरे पुन्हा पत्नी, पती व आप्तेष्टांदेखत द्यावी लागत. संसदेत यावर टीका झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र बंदीची मागणी फेटाळली. स्पर्धक स्वखुशीने आले होते, हेही खरेच.

तरीही आम्हांस वाटते की, संमती मिळाली म्हणून प्रत्येक प्रश्न विचारण्याजोगा ठरत नाही. कुमसारात पापी मनुष्य सत्य सांगतो, ते क्षमा मिळावी म्हणून, आणि ऐकणारा ते मरेपर्यंत गुप्त राखतो. तेच सत्य पैशासाठी चव्हाट्यावर मांडले, तर त्यातून क्षमा निपजत नाही, केवळ कुतूहल शमते. आणि लाज वाटून घ्यावी लागते ती बाजूला बसलेल्या निरपराध पत्नीला वा मुलाला.

बाजारकुणंगसारख्या लहान गावात एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी पोहोचावयास कॅमेरा लागत नाही. ओटीवर, विहिरीवर आपणही रोज कोणाला ना कोणाला प्रश्नाच्या खुर्चीत बसवीत असतो. त्या खुर्चीतून उठताना माणसाची मान ताठ राहील की खाली जाईल, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती असते. तेवढ्यापुरते आपण सारेच दिग्दर्शक आहोत.