गवयाची बाजू कशी घ्यावी?

नावाजलेल्या गवयाने वाट बदलली की रसिकांत तट पडतात. बालपणापासून मैफली गाजविणारे कुमार गंधर्व 1947 च्या सुमारास क्षयाने अंथरुणाला खिळले. देवासला पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी येत. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्या धुनांतून मालवती, लगनगांधार असे राग त्यांनी उभे केले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ 1965 साली निघाला.

विरोधक म्हणाले, यात घराण्याची शिस्त नाही, विलंबित लयीतली सावकाश बढत नाही. त्यावर काही चाहते सांगत की, फुप्फुस अधू आहे, दम पुरत नाही, सांभाळून घ्या. हा बचाव मला पटत नाही. मजुराची बाजू मांडताना दयेची भीक मागितली, की हक्काचा दावा आपणच सोडून देतो.

खरे उत्तर निराळे आहे. रागाचे मूळ लोकधुनेत आहे, असे कुमारांचे म्हणणे होते. चार-पाच सुरांची धून घ्यावी, तिच्यातले रागाचे बीज ओळखावे आणि ते वाढवावे. जात्यावर ओवी म्हणणारी आजी ज्यांनी ऐकली, त्यांना हे समजायला पोथी नको. अधू फुप्फुसातून नवा राग निघत नाही. तो विचारातून निघतो.

ज्याला सावकाश बढतच हवी, त्याची तक्रार खोटी नाही. ती रुचीची आहे. तेवढे मान्य करावे आणि मग आपल्या गवयाच्या बाजूने ताठ उभे राहावे.