एक ग्रंथ, अनेक विषय

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ केवळ मराठीच्या तासापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. पावसाबरोबर शेतातील सुपीक माती वाहून जाऊ नये, म्हणून बांध घालून पाणी जमिनीत मुरवावे, असा उपाय त्यात सुचविला आहे. हा भाग वर्गात वाचल्यास भूगोलाच्या शिक्षकास जमिनीची धूप समजावून देता येते. गणिताच्या तासाला विद्यार्थी हिशेब मांडू शकतात: एक हेक्टर क्षेत्रावर १० मिलिमीटर पाऊस झाला, तर १ लाख लिटर पाणी पडते. १८७५ चा दख्खनमधील शेतकऱ्यांचा उठाव व १८७६-७८ चा दुष्काळ हा इतिहासाचा पाठ होय.

मात्र साहित्यकृतीस केवळ माहितीचे कोठार मानू नये. लेखकाची कळकळ मनास भिडली नाही, तर आकडे कोरडेच राहतात. म्हणून प्रथम मूळ उतारा सावकाश वाचावा. त्यानंतरच विषयशिक्षकांनी आपापले प्रश्न द्यावेत. शेवटी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी गावातील एखादा बांध विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावा. ग्रंथातील प्रश्न आपल्याच शिवाराचा आहे, हे त्यांना तेथे उमजेल.