माळढोकच्या निमित्ताने काही पक्के गैरसमज

गैरसमज : अभयारण्य म्हणजे घनदाट जंगल.
सोलापूरजवळचं नान्नज बघा. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचा हा भाग; सगळा उघडा माळ, गवत आणि तुरळक बोरी-बाभळी. इथे झाडी नाही म्हणूनच तर माळढोक इथे होता. हा जड अंगाचा पक्षी जमिनीवर चालत टोळ, भुंगेरे, सरडे टिपतो. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडं घालते, तेही वर्षाला बहुधा एकच. शत्रू लांबून दिसला, तरच ते वाचण्याची काही आशा.

गैरसमज : ओसाड माळावर झाडं लावली की निसर्ग वाचतो.
माळढोकच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. झाडी वाढली की त्याची नजर अडते आणि शिकाऱ्यांना आडोसा मिळतो. काळवीट आणि लांडगेही याच माळाचे रहिवासी. पण सरकारी दप्तरात माळ 'पडीक' ठरतो आणि मग तिथे खड्डे खणले जातात. रोप लावताना फोटो चांगला येतो. गवत राखल्याचा फोटो कोण काढणार?

गैरसमज : अभयारण्यात माणसाला मज्जावच असतो.
राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत इथेच गल्लत होते. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला कायद्याने मनाई आहे. अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात, चराईवर नियंत्रण असतं. माळढोक अभयारण्याची मूळ हद्द तर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होती. गावं, शेती, रस्ते सगळं आत. बांधकाम आणि जमिनीचे व्यवहार अडकले, लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे ही हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. कागदावर मोठी रेघ ओढल्याने पक्षी वाचत नाही, हे तोवर पुरेसं दिसलं होतं.

गैरसमज : 'संकटग्रस्त' आणि 'कायद्याने संरक्षित' एकच.
मोर जागतिक लाल यादीत धोक्याबाहेर आहे, तरी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माळढोक त्याच अनुसूचीत असून लाल यादीत २०११पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे. 'नामशेष' शब्दाचीही अशीच गल्लत होते : चित्ता १९५२मध्ये नामशेष जाहीर झाला तो भारतापुरता. आशियाई चित्ते इराणमध्ये उरले.

गैरसमज : कृत्रिम प्रजनन जमलं की प्रश्न मिटला.
राजस्थानात जैसलमेर भागात २०१९पासून रानातली अंडी आणून पिल्लं वाढवली जात आहेत. २०२४मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं. काम मोलाचंच आहे, पण पिल्लं सोडायची कुठे? माळढोकला थेट समोरचं नीट दिसत नाही आणि एवढ्या वजनाने उडताना पटकन वळता येत नाही, म्हणून तो माळावरून गेलेल्या वीजतारांवर आदळतो. या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिला होता. २०२४मध्ये न्यायालयानेच तो सैल केला आणि तोडगा काढायचं काम तज्ज्ञ समितीकडे सोपवलं.